मागं राहिलेला चव्हाण

॥ श्री जननीमाता ॥

उतेकरवाडी, पोलादपुराच्या वर
ता. २ एप्रिल २०२४

चि. अपेक्षा हिला आजी बयाबाई हिचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. मी खुशाल हाय, तू पनवेलला खुशाल असशील.

कागद लिहिते त्याला हसू नको. तिसरी पास हाय मी. बापानं चौथीत घातली असती तर काना-मात्रा पन जागेवर पडल्या असत्या. फोनवर तू बोलतेस ते मला नुसतं चिवचिव ऐकू येतं आनि मी आपली हो हो करते. मागल्या टायमाला कशाला हो बोलली कुनास ठाऊक, काय कबूल केलं असंल तर मला सांग. त्यापेक्षा कागद बरा. तुजा कागद मी मोठ्यानं वाचते. आवाज माजाच, पन घरात कोन तरी बोलतंय असं वाटतं.

शिमग्याला तू इस्पितळातली पोरं घेऊन आलीस, वाडी कशी भरल्यासारखी झाली. आता पुन्हा कुलपं. चुली दोनच पेटतात, माजी आनि बनुबाईची. तिचा धूर दिसला की मला कळतं ती उठली, माजा दिसला की तिला कळतं मी हाय. बनुबाईनं परवा मुद्दाम उशिरा चूल पेटवली, मी काठी घेऊन धावत गेली तर ती दारात बसून हसते. असली थट्टा करायची असते काय गो?

पन खरी गोष्ट वेगळीच हाय. तो उंच पोरगा, फोटो काढायच्या खोलीत काम करतो तो, हाडांचे फोटो काढतो बोलला, अमरेश. पालखी खांद्यावर घेऊन काय नाचला! मी सगळ्यांना विचारते तसं त्याला विचारलं, बाबा तू कुनाचा? तर बोलला, चौहान. मी भाकरी थापत होती, ती हातावरच राहिली. माज्या बाबाचं बोलनं आठवलं. बाबा सांगायचा, आपुन चव्हाण मूळचे उत्तरेकडचे, घोड्यांवरून इकडं उतरलो, अर्धे भाऊ तिकडंच मागं राहिले. मी विचारायची, मंग ते कधी येनार? बाबा बोलायचा, येतील कधी तरी, वाट लांबची हाय.

गो, ते आले की! इतक्या वर्षांनी, आनि माज्या पडवीत बसून वालाची आमटी वाटीला तोंड लावून प्याले. चौहान काय नि चव्हाण काय, लांबच्या वाटेत एवढं तेवढं झिजतंच. मला माहेरचा मानूस मिळाला. त्याचा पत्ता धाड.

कागदाला उत्तर दे, नुसतं अंगठ्याचं चित्र फोनवर पाठवू नको, ते मला वाचता येत नाय. लोभ आटू देऊ नको.

तुजी आजी
बयाबाई


उतेकरवाडी
ता. २१ एप्रिल २०२४

चि. अमरेश चव्हाण यास आत्याबाई बयाबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

अपेक्षानं उत्तर धाडलं नाय. पोरींना हल्ली काम फार. म्हनून इस्पितळाच्या पत्त्यावरच लिहिते. आत्या लिहिलंय ते बघून दचकू नको. चव्हाणांची लेक मी, तू चव्हाणांचा पोर, मंग दुसरं काय लिहिनार? वयानं आजी बोललास तरी चालंल, पन नात्यानं मी आत्याच.

माजं माहेर वरंधच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी. वाडी मोऱ्यांची, त्यात चव्हाणांचं घर एकच. माजा भाऊ कोंडाजी. मोठा हसरा मानूस. भाऊबीजेला वरंधहून निघायचा, एसटी चुकली तर चालत यायचा आनि दारात येऊन ओरडायचा, बये, पानी आन, चव्हाण आला! त्याला पोरबाळ नव्हतं. तो गेला, मागनं वहिनी गेली. आता घराला कुलूप हाय नि कुलपाची चावी माज्याकडं हाय. उघडून काय करू?

महाडच्या बाजारात चव्हाण ढीगभर, म्हनशील. हायत. पन ते आपापल्या आत्यांचे. माज्या पडवीत कोन येऊन जेवलं?

आता कामाचं सांगते. आमच्याकडं बाई मेली की तिच्या अंगावर पयलं लुगडं माहेरचं पडतं. सासरचं मागनं. मागल्या साली वाडीतली सगुणाबाई गेली. तिचे भाचे दासगावाहून यायचे होते, गाडी मिळंना. सगळी वाडी उन्हात उभी. पोरं कुरकुरली, पन म्हातारे बोलले, माहेरचं येऊ दे, तिला तशी नेता येत नाय. आले भाचे, घातलं लुगडं, मंग उचलली. मी तिथंच उभी होती. मनात आलं, माज्या वक्ताला थांबतील कुनासाठी? कोन येनार हाय? बोलतील, हिला माहेर नाय, चला उचला.

हे रडगानं नाय हां. मी मजेत हाय, शेळी व्यालीय, दोन करडं हायत, एक पांढरं नि एक खोडकर. पन तू भेटलास तेव्हापासून वाटतं, आता मला थांबवनारं कोन तरी हाय. तेवढं एक लुगडं तुज्या हातचं. भारीतलं नको. येशील ना?

तुला पालखीत खांदा लागला होता, तिथं तेल चोळ. आत्याला विसरू नको.

बयाबाई
(माहेरची चव्हाण)


पनवेल
ता. ६ मे २०२४

ती. आजीस अपेक्षाचा सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. काम होतं हे खरं, पण तेच कारण नव्हतं. तू अमरेशला लिहिलेलं पत्र त्याने मला वाचायला दिलं आणि मी ड्युटीच्या खोलीत दार लावून रडले.

आजी, शिमग्याला मी पाच जण आणले ते चार जणांच्या आडून एकाला तुला दाखवायला. मला अमरेशशी लग्न करायचं आहे. तुझी मांड घालून बसायची जागा त्याला आवडली, तुला तो आवडला, मी एसटीत परत येताना मनात हळदसुद्धा लावून घेतली होती. फोनवर तुला विचारलंही होतं. तू हो म्हणालीस. आता कळतंय की तू काय ऐकलंस ते देवाला ठाऊक.

बाबांना सांगितलं. ते डोंबिवलीहून मुद्दाम आले, अमरेशशी बोलले. मुलगा चांगला आहे म्हणाले. पण कूळ, देवक, सोयरीक हे माझ्यापेक्षा आईला कळतं, ती हो म्हणाली तर माझी ना नाही, असं म्हणून चहा अर्धा टाकून गेले. म्हणजे आता सगळं तुझ्यावर आहे. मी घरात भांडून लग्न करणार नाही, हे तुला माहीत आहे. आणि दुसऱ्या कुणाशीही करणार नाही, हेही लिहून ठेवते.

खोडकर करडाचं नाव काय ठेवलंस? माझं ठेवू नको.

तुझ्याच वळणावर गेलेली,
अपेक्षा


उतेकरवाडी
ता. १५ मे २०२४

चि. अपेक्षा हिला आशीर्वाद. वि. वि.

तुजा कागद आला. पोस्टमन धोंडू बोलला, आजी, तोंड का पडलं? मी बोलली, ऊन लागलं.

पोरी, हे होत नाय. तुला राग येईल. पन मी तुला वेलीचं सांगते ते नीट वाच. ज्या घरातून बाई आली, त्या घरात तिच्या पोटची वेल परत धाडत नायत. मी चव्हाणांच्या घरातून उतेकरांकडं आली. माज्या पोटी मंगेश, मंगेशची तू. तू चव्हाणांत गेलीस तर वेल माघारी वळली. माघारी वळलेली वेल मुळाभवती गुंडाळते नि मूळच खाते, असं माजी आजी सांगायची. तिच्या माहितीत एक घर असंच बसलं होतं. मी डोळ्यांनी नाय बघितलं, पन तुज्यावर बघायला मला छाती नाय.

मी मुद्दाम करत नाय गो. पोरगा माजाच हाय, म्हनून तर नाय बोलते. परका असता तर मी बनुबाईच्या दारात पेढे ठेवले असते.

तू दुसऱ्या कुनाशी करनार नाय लिहिलंस. असं लिहू नये. दुपारभर मी तो कागद उशाखाली घातला, मंग काढला, मंग परत घातला. करडाचं नाव तुजंच ठेवलं होतं. आता हाक मारवत नाय.

रागावलीस तरी कागद लिही. राग पन वाचून दाखवायला घरात चालतो.

आजी


पनवेल
ता. ३ जून २०२४

आदरणीय आजींना अमरेशचा चरणस्पर्श. वि. वि.

माझं मराठी शाळेतलं आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. आईवडील आझमगडकडचे, पण मी वाढलो कळंबोलीत. तिथं मला लोक 'तुम्ही लोक' म्हणत आले. 'तू आमचा' असं पहिल्यांदा तुम्ही म्हणालात. म्हणून हे पत्र लिहायला मला इतके दिवस लागले.

आजी, मी तुमच्या वडिलांनी सांगितलेला चव्हाण नाही.

आमच्या घरात पणजोबांपर्यंत आडनावच नव्हतं. पणजोबा नुसते बुधई. आम्ही मातीतून मीठ काढणारे. खाऱ्या जमिनीची माती खरवडायची, पाण्यात मुरवायची, गाळायची, उकळायची, आणि खाली राहील ते मीठ, आणि शोरा, म्हणजे दारूकामाला लागतो तो सोरा. मिठाला तिकडे नोन म्हणतात, म्हणून आम्हाला लोक नोनिया म्हणायचे. ज्या तोंडाने आमचं मीठ मागायचे त्याच तोंडाने तो शब्द अशा सुरात म्हणायचे की ऐकून आमच्या घरच्या बायका डोक्यावरचा पदर आणखी खाली ओढायच्या. मग आमच्या लोकांची बैठक बसली आणि ठरलं की आजपासून आपण चौहान. आजोबांनी ते नाव लावलं. दादी सांगते, पहिले काही महिने कुणी हाक मारली की आजोबा मागे वळून बघायचे, कोणाला बोलावतायत म्हणून.

आमच्याकडे आडनावं अशीच आहेत. दुबे म्हणजे दोन वेदवाले, तिवारी तीन, चौबे चार. आमच्या गावचे चौबे भांगेशिवाय काही वाचत नाहीत, असं दादी म्हणते. पाल मेंढरं राखणारे, प्रजापती मडकी घडवणारे. कुणाचं आडनाव कामाचं, कुणाचं मानाचं, आणि आमचं हौसेचं.

अपेक्षाने वेलीचं सांगितलं. मी चव्हाणच नाही, तेव्हा तो अडसर उरत नाही, हे मला कळतं. पण हे सांगितल्यावर मी तुमचाही उरत नाही, आणि मीठवाल्यांच्या घरात नात द्यायची का, हा नवा प्रश्न तुमच्यापुढे येतो, हेही कळतं. तुम्ही ठरवाल ते मला मान्य.

खांदा बरा आहे. तेल चोळलं.

तुमच्या आमटीचा ऋणी,
अमरेश


उतेकरवाडी
ता. ८ जुलै २०२४

चि. अमरेश यास बयाबाईचे आशीर्वाद. वि. वि.

तुजा कागद आला तेव्हा मी शेळीला पाला घालत होती. वाचून झाल्यावर शेळीनं त्याचा एक कोपरा खाल्ला, तुजा पत्ता वाचला तेवढं नशीब.

खोटं लिहीत नाय. पयल्यांदा मनात आलं, मीठवाला! आपुन मराठे, मीठवाल्याकडं पोर द्यायची? आलं मनात, ते लपवून काय करू. असं काही दिस चाललं. मंग एका सकाळी पेज केली, वाटीत घेतली, नि मीठ घालायला चिमूट उचलली ती तशीच धरून बसली. माजा बाबा दासगावच्या बंदरावरनं मीठ बैलांवर घालून वरंधचा घाट चढायचा, भोराकडं विकायचा. आम्ही सगळी त्या मिठावर वाढलो. मीठ काढनारा कोन होता हे बाबानं कधी सांगितलं नाय, आम्ही विचारलं नाय. चिमूट टाकली, पेज प्याली. बरी लागली. म्हंजे ते मनातलं गेलं, अगदी मुळासकट गेलं असं नाय बोलत, पन लाजून कोपऱ्यात बसलं.

दुसरं मात्र गेलं नाय. तू माजा नायस. हे तीन शब्द लिहायला मला पेन दोनदा खाली ठेवायला लागला. वरंधच्या वाटंनं कोन येत नाय, कोन मागं राहिलेला नव्हता, बाबानं लहान पोरीला झोपवायला सांगितलं असंल. चावी फडक्यात बांधून परत ट्रंकेत टाकली.

पन बाबा, तू माजा नायस म्हनून तर तुला अपेक्षा देता येते. दोन्ही नाय मिळत मानसाला. मला माहेर पायजे का तिला घर पायजे, असं देवीनं विचारलं असतं तर मी काय बोलली असती? तेच बोलते. मंगेशला आजच लिहिते, वेल कुठं परतत नाय, आईची हो हाय. भावकी बोलंल. भावकी पालखी आली की येते नि पालखी उठली की जाते, तिला बोलायला दिस किती मिळतात?

लुगड्याचं मी लिहिलं होतं ते सोडून दे. नातजावयाचं लुगडं माहेरचं होत नाय, ते सासरच्याच बाजूचं. मनाला लावून घेऊ नको. दुबे-चौब्यांचं बनुबाईला सांगितलं, ती हसून हसून खोकली. आमचे उतेकर मूळचे उतं गावचे म्हनतात, आता ते उतं कुठं हाय ते कुनाला दाखवता येत नाय, पन आडनाव मिरवतात बघ.

एक विचारायचं राहिलं. तुजी दादी आडनाव काय लावते? लग्नाआधीचं काय होतं? तिचं माहेर हाय का उघडं? म्हाताऱ्या बाईला हे कोन विचारत नाय, म्हनून मी विचारते.

लोभ चुलीवरच्या दुधासारखा राख, उतू देऊ नको नि करपू देऊ नको.

बयाबाई


पनवेल
ता. २४ ऑक्टोबर २०२४

आदरणीय आजींना चरणस्पर्श. वि. वि.

तुमचा प्रश्न मी गावी जाऊन दादीला विचारला. ती खाटेवर बसली होती. आधी हसली, मग म्हणाली, माझं नाव फुलमती देवी. लग्नाआधीही देवी, नंतरही देवी. शेजारची रामरती देवी, समोरची सनेही देवी. आमच्याकडे जुन्या बायकांना आडनाव हेच. बापाचं लावायला दिलं नाही, नवऱ्याचं त्याच्यापाशीच नव्हतं, मग सगळ्यांनी देवी लावलं. तिचं माहेर शरयूच्या काठाला होतं. नदीने काठ खाल्ला, गाव पुढे सरकलं, माणसं पांगली. तिथून आता कुणी येत नाही.

मी तुमचं लुगड्याचं पत्र तिला हिंदीत सांगितलं. ऐकून म्हणाली, उस बहिन को बोल, तिचं आणि माझं माहेर एकच दिसतंय. सोबतचं पार्सल तिनं दिलं आहे. आमच्याकडे बाईला माहेराहून हळदीत रंगवलेलं पिवळं पातळ येतं, त्याला पियरी म्हणतात. तिने स्वतः हळद कुटून रंगवलंय. रंग सगळीकडे सारखा बसलेला नाही, तिला आता नीट दिसत नाही. भाऊबीजेच्या आत पोचव, असं तिने मला बजावलं आहे.

तुमचा (आता नक्की कोण ते तुम्हीच ठरवा)
अमरेश


॥ श्री जननीमाता ॥

उतेकरवाडी
ता. ५ नोव्हेंबर २०२४

चि. अपेक्षा हिला, आनि तुज्या शेजारी बसून वाचत असंल त्यालाही, पोटभर आशीर्वाद. वि. वि.

भाऊबीजेच्या आदल्या दिसाला धोंडू पार्सल घेऊन चढून आला. उघडल्याशिवाय जात नाय बोलला, एवढा डोंगर चढलोय, बघू तरी दे. उघडलं नि पडवीत हळदीचा वास सुटला. धोंडू बोलला, कुनाकडनं? मी बोलली, माहेराहून. तो बोलला, तुला कुठलं माहेर? मी बोलली, हाय की, लांब हाय, म्हनून पोचायला वेळ लागतो. त्याला गूळपानी दिलं.

बनुबाई आली, कापड हातात घेऊन खालीवर बघितलं नि बोलली, विधवा बाईला हळदीचं चालतं काय गो? या वयात हळद लागली तुला! मी बोलली, विधवा सासरला असते. माहेरला मी पोरच. तिनं कापड माज्या मांडीवर ठेवलं. मंग जाताना दारातनं विचारलं, त्या बाईला अजून एक बहीन चालंल काय? विचार तुज्या फुलमतीला. बनुबाईचं माहेर उघडं हाय, भाचे हायत, तरी विचारते बघ. हावरी.

मंगेश दिवाळीला आला होता, तो बोलला, आई, आता वेलीचं काय? ती तुजी बहीन झाली तर तिचा नातू पुन्हा चव्हाणांच्याच वेलीतला झाला की! त्याला वाटलं मला पेचात पकडलं. मी बोलली, बायकांच्या नावाची वेल आजवर कुनी मोजली, तो तू मोजनार? न मोजल्यानं इतकी वर्षं तोटा झाला, एक बार फायदा होऊ दे.

मार्गशीर्षातली तारीख मला पसंत हाय. अमरेशला सांग, लग्नाला फुलमतीला आनायला पायजे, कशी बी. बोलायची अडचन नाय. तिला मराठी येत नाय, मला ऐकू येत नाय, आमचं झकास जमंल. वरंधचं घर मी उघडून झाडून घेनार हाय. देवी आडनावाच्या दोघी तिथं एक रात काढू. कुनी विचारलं तर सांगू, माहेरपनाला आलोय.

पियरीचा रंग एका बाजूला गडद हाय नि एका बाजूला फिका. फिक्या बाजूला तिच्या बोटांचे ठसे दिसतात. मी त्यांच्यावर माजी बोटं ठेवून बघितली. माज्यापेक्षा लहान हात हाय तिचा.

घडी घालून ट्रंकेत ठेवली, चावीच्या शेजारी. बनुबाईला जागा दाखवलीय, तू पन ध्यानात ठेव. तुज्या लग्नाला मी ती नेसनार नाय, त्याचा राग मानू नको, दुसरं लुगडं हाय माज्याकडं. फुलमतीनं विचारलं, नेसलीस का, तर सांग, आवडली, नेसेन. कधी, ते तिला सांगू नको. ती पन बाईच हाय, समजायचं ते समजंल.

खोडकर करडाला पुन्हा तुज्या नावानं हाक मारते. येते धावत.

तुमची आजी
बयाबाई देवी